दुखण्याची रोजकीर्द

आमच्या दादांचे कापडाचे दुकान वडिलांपासून चालत आलेले. माल पारखण्याची दादांची एक ठरलेली रीत होती. व्यापारी ठाण उलगडून दाखवू लागला की ते आधी नजर टाकत नसत. कापडाचे टोक अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून क्षणभर चोळत आणि मग सूत कसे आहे, खळ किती आहे, मिसळ आहे की नाही हे सांगत. अंदाज क्वचितच चुकत असे. अशा माणसाच्या बोटांतील संवेदना नाहीशी होऊ लागली आणि त्यांनी ती गोष्ट दीड महिना कोणालाही कळू दिली नाही.

दादांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया पार पडली आणि दर पंधरा दिवसांनी एक याप्रमाणे केमोथेरपीच्या बारा फेऱ्या ठरल्या. त्यांतील एका औषधाचे नाव ऑक्सॅलिप्लॅटिन. या औषधाचा एक स्वभाव आहे. ते हातापायांच्या नसांवर परिणाम करते. प्रारंभी थंड वस्तूला हात लागला की झिणझिण्या येतात, गार पाणी प्याले की घशात आवळल्यासारखे होते. दोनचार दिवसांत हे ओसरते. परंतु औषधाची मात्रा शरीरात साठत जाते तसतसा बधिरपणा अधिक दिवस टिकू लागतो, आणि वेळीच लक्ष दिले नाही तर तो उपचार संपल्यानंतरही महिनोन्महिने, कित्येकदा कायमचा, मुक्कामाला राहतो. डॉक्टरांना हे पूर्णपणे ठाऊक असते. त्यांना ठाऊक नसते ते एवढेच, की समोर बसलेल्या या माणसाला आज नेमके काय होत आहे. ते त्या माणसानेच सांगायचे असते.

दर खेपेस डॉक्टर विचारीत, “काय शेठ, कसे आहात?” आणि दादा उत्तर देत, “उत्तम.” बाहेर पन्नाससाठ माणसे ताटकळत असत. डॉक्टर पुढचा कागद ओढीत.

मी पुढे एकदा दादांना विचारले, की सांगितले का नाही? त्यांनी दोन कारणे दिली. एक, डॉक्टर औषध बंद करतील आणि रोग पुन्हा उलटेल ही भीती. दुसरे कारण त्यांनी जरा हसून सांगितले: “अरे, चाळीस वर्षे गल्ल्यावर बसलो. धंदा कसा आहे म्हणून कोणी विचारले तर ‘मंदी आहे’ असे आपण कधी सांगितले आहे का?” आपल्या व्यापारी घरांतील वाचकांना या दुसऱ्या कारणाचा अर्थ मी वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

ही कोंडी फोडली ती माझ्या पुतणसुनेने. तिने मोबाइलवर आतड्याच्या कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक यांच्या एका समूहात नाव नोंदविले होते. तेथे एका अनोळखी बाईंनी लिहिले होते, की रुग्णाला ‘मुंग्या येतात का’ असे विचारू नका, तो नाही म्हणेल. सकाळी सदऱ्याची गुंडी लावता येते का, ते पाहा. पुतणसुनेने दुसऱ्या दिवशी पाहिले. दादांच्या सदऱ्याच्या गुंड्या वहिनी लावून देत होत्या. घरातील कोणाच्याच ते ध्यानात आले नव्हते. वयाची आणि अशक्तपणाची गोष्ट म्हणून आम्ही सर्वांनी ते मनातल्या मनात खर्ची टाकले होते.

तिने दुकानातलीच एक कोरी वही घेतली. दर दिवसाला एक ओळ. केमोचा कितवा दिवस, ताप किती, वजन किती, शौचास किती वेळा, जेवण कितपत गेले, पाणी किती पेले, झोप, आणि शेवटच्या रकान्यात गुंडी: लागली, कष्टाने लागली, लागली नाही. सहाव्या फेरीच्या वेळी तिने डॉक्टरांना मुंग्यांविषयी सांगितले, तेव्हा ते म्हणाले की या औषधाने तसे होतेच, लक्ष ठेवा. ते काही चुकीचे बोलले नाहीत. परंतु आठव्या फेरीआधी तिने वहीच त्यांच्यासमोर ठेवली. पाचव्या फेरीनंतर आठव्या दिवशी गुंडी लागू लागली होती. सहाव्या फेरीनंतर बाराव्या दिवशी. सातव्या फेरीनंतर पंधरा दिवस उलटले तरी ती लागलेली नव्हती. डॉक्टरांनी पाने मागेपुढे उलटून पाहिली, चष्मा काढला आणि त्या दिवशी ऑक्सॅलिप्लॅटिनची मात्रा कमी केली. दहाव्या फेरीपासून ते पूर्ण थांबविले आणि दुसरे औषध चालू ठेवले. दादा ज्याला भीत होते ते घडले, आणि त्यात भिण्यासारखे काही नव्हते हे त्यांना तेथेच बसून डॉक्टरांकडून ऐकायला मिळाले.

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. वैद्यकशास्त्राविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही, पण आकडे वाचण्याची सवय आहे. या प्रसंगानंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचू लागलो, आणि तेव्हा कळले की आमच्या घरात एका वहीने जे केले, त्याची मोठ्या प्रमाणावर परीक्षा झालेली आहे.

न्यूयॉर्क येथील मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयात डॉ. ईथन बाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७६६ रुग्णांवर हा प्रयोग केला. सर्वांचा रोग शरीरात पसरलेला, सर्वजण केमोथेरपी घेणारे. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाचा उपचार नेहमीसारखा: डॉक्टर विचारतील, रुग्ण सांगेल. दुसऱ्या गटातील रुग्णांनी भूक, थकवा, वेदना, मळमळ, धाप, बधिरपणा अशी बारा लक्षणे संगणकावर स्वतः नोंदवायची. शून्य म्हणजे काही नाही, चार म्हणजे असह्य. एखादे लक्षण बळावले की परिचारिकेला आपोआप सूचना जाई आणि बहुतेक वेळा ती काहीतरी हालचाल करी. दूरध्वनी करी, औषध बदलून घेई, तपासणीस बोलावी. एवढाच फरक. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही.

२०१७ साली त्याचा निष्कर्ष अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या वार्षिक अधिवेशनात मांडला गेला. नेहमीच्या उपचारातील गटाचे मध्यक आयुर्मान २६ महिने होते. लक्षणे नोंदविणाऱ्या गटाचे ३१.२ महिने. पाच महिन्यांहून अधिक अंतर! त्या गटातील रुग्ण तातडीच्या विभागात कमी वेळा गेले आणि केमोथेरपी अधिक काळ सोसू शकले. मला सर्वांत विशेष वाटलेली बाब निराळीच आहे: ज्यांना संगणकाची सवय नव्हती, अशा रुग्णांना या पद्धतीचा अधिक लाभ झाला. आमच्या वयाच्या मंडळींनी ‘आम्हाला ते मोबाइलचे जमत नाही’ असे म्हणताना हे आठवावे. फ्रान्समध्येही फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांनी दर आठवड्याला लक्षणे कळविण्याचा असाच प्रयोग झाला आणि तेथेही आयुर्मानातील वाढ दिसली.

पण ताळेबंद वाचताना फक्त जमेची बाजू वाचणारा अधिकारी कामाचा नव्हे. बाश यांनीच पुढे हा प्रयोग अमेरिकेतील ५२ उपचारकेंद्रांत, १,१९१ रुग्णांवर, अधिक व्यापक रीतीने केला. तेथे रुग्णांचा त्रास कमी झाला, हिंडणेफिरणे सुधारले, तातडीने रुग्णालयात धावण्याची वेळ उशिरा आली. परंतु आयुर्मानात मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तेव्हा वही लिहिल्याने आयुष्य वाढते असे मी कोणाला सांगणार नाही. दिवस सुसह्य होतात, आणि धोक्याची सूचना वेळेवर मिळते. माझ्या मते वहीच्या किमतीत हा सौदा वाईट नाही.

सूचना वेळेवर मिळणे म्हणजे काय, याचे एक साधे उदाहरण. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. त्या दिवसांत १००.४ अंश फॅरनहाइट ताप म्हणजे इतर वेळचा किरकोळ ताप नव्हे. त्या क्षणी डॉक्टरांना कळवून रुग्णालय गाठायचे असते, मग रात्रीचे दोन वाजलेले का असेनात. आमच्याकडे चौथ्या फेरीनंतर असा ताप आला, तेव्हा वही सुरू झालेली नव्हती. वहिनींनी कपाळाला हात लावून पाहिला, गोळी दिली, ‘सकाळी बघू’ म्हणाल्या. सकाळपर्यंत दादांचा रक्तदाब उतरला होता. पाच दिवस अतिदक्षता विभागात काढावे लागले. वहिनींना याचा दोष देणे अन्यायाचे होईल. केमोचा कितवा दिवस चालू आहे हे त्या रात्री घरात कोणालाच सांगता आले नसते.

पाण्याच्या रकान्याचीही एक हकिकत आहे. दादांचा सूर्यास्तानंतर पाणीही न घेण्याचा नियम अनेक वर्षांचा. वहीत दिवसाचे पाणी सातत्याने कमी दिसू लागले, तेव्हा डॉक्टरांनी विचारले आणि गोष्ट उघड झाली. दादांना नियम मोडणे जड जात होते. वहिनींनी महाराजसाहेबांकडे जाऊन विचारले; आजारपणाचा आगार असतो हे दादांना ठाऊक होते, फक्त कोणीतरी तोंडाने सांगावे लागले. हा मुद्दा मी एवढ्यासाठीच लिहिला, की आपल्या घरांत उपवास, आयंबिल, रात्रिभोजनत्याग या गोष्टी रुग्ण डॉक्टरांना सांगत नाही, कारण त्या आजाराशी संबंधित आहेत असे त्याला वाटतच नाही.

आता समूहांविषयी. अनोळखी माणसांचा सल्ला रोगाच्या बाबतीत घ्यावा का, हा प्रश्न मलाही पडला होता. अमेरिकेतील एका गृहस्थांची कथा त्या संदर्भात प्रसिद्ध आहे. डेव्ह डीब्रॉन्कार्ट हे त्यांचे नाव; लोक त्यांना ‘ई-पेशंट डेव्ह’ म्हणतात. जानेवारी २००७ मध्ये खांदा दुखतो म्हणून काढलेल्या क्ष-किरण चित्रात फुप्फुसावर एक डाग आढळला. तपासाअंती तो मूत्रपिंडाचा कर्करोग निघाला, आणि तो शरीरात दूरवर पसरला होता. त्यांनी जे वाचले त्यावरून हाती काही महिन्यांचेच आयुष्य होते. त्यांच्या डॉक्टरांनी, डॉ. डॅनी सँड्स यांनी, त्यांना औषधांबरोबर आणखी एक गोष्ट सुचविली: कर्करोगरुग्णांच्या एका ऑनलाइन समूहात सामील व्हा. गिल्स फ्रायडमन या गृहस्थांनी पत्नीच्या कर्करोगाच्या वेळी आलेल्या अनुभवातून उभारलेल्या संस्थेचा तो समूह होता.

काही तासांतच तेथील जुन्या रुग्णांनी डेव्ह यांना कळविले, की या रोगावर हमखास उपाय नाही. परंतु इंटरल्यूकिन-२ हे औषध मोठ्या मात्रेत दिले असता काही थोड्या रुग्णांना चांगला गुण येतो. बहुतेक रुग्णालये ते देत नाहीत, म्हणून तुम्हाला त्याचे नावही कोणी सांगणार नाही. तुमच्या भागात ते देणारे डॉक्टर हे, आणि त्यांचे दूरध्वनी क्रमांक हे. ते औषध अतिशय त्रासदायक आहे. तो त्रास कसा सोसला, हेही ज्यांनी सोसला त्यांनीच लिहून पाठविले. डेव्ह यांना सुदैवाने गुण आला. हे त्यांच्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच झाले, डॉक्टरांना बाजूला सारून नव्हे, ही बाब कथा सांगताना अनेकजण गाळतात.

बँकेतल्या माणसाला या कथेचा उत्तरार्ध अधिक भावतो. २००९ मध्ये डेव्ह यांनी रुग्णालयातील आपली माहिती गूगलच्या तेव्हाच्या आरोग्यनोंद सेवेत उतरवून घेतली. पाहतात तो काय, तीत कधी न झालेले आजार दाखल! कर्करोग मेंदूत किंवा मणक्यात पसरल्याची नोंद, जी निखालस चुकीची होती. कोणत्याही नोंदीला तारखा नाहीत. कारण शोधता कळले, की पाठविली गेलेली माहिती वैद्यकीय टिपणांतून घेतलेली नव्हती. ती विम्याच्या बिलांसाठी वापरलेल्या संकेतांकांवरून तयार झाली होती. एखादी तपासणी ‘हे आहे का’ म्हणून केली, तर बिलात ‘हे आहे’ असा संकेतांक पडतो. ही हकिकत बॉस्टन ग्लोब वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर आली, आणि रुग्णालयाने बिलांचे संकेतांक त्या सेवेकडे पाठविणे बंद केले. आम्ही खातेदारांना सांगत असू, की पासबुक भरून घ्या आणि आपल्या वहीशी ताळमेळ घाला; बँकेचीही चूक होऊ शकते. रुग्णालयाच्या कागदांचे तेच. दादांच्या एका अहवालात त्यांचे वय दहा वर्षांनी कमी छापले गेले होते. तेवढ्यावर निभावले.

आपल्याकडेही सोबतीची परंपरा नवी नाही. मुंबईत १९९४ पासून व्ही केअर ही संस्था काम करते; ती स्वतः या रोगातून गेलेल्या वंदना गुप्ता यांनी स्थापन केली आणि तिचे अनेक स्वयंसेवक स्वतः या वाटेने गेलेले आहेत. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या आवारात ज्यांनी कधी दिवस काढले असतील त्यांनी पाहिले असेल, की बाकावर शेजारी बसलेला परगावचा माणूस जी माहिती देतो ती कोणत्याही पत्रकात नसते: कोणत्या खिडकीवर आधी जावे, केमोच्या दिवशी काय खाऊन यावे. मोबाइलवरील समूह म्हणजे तो बाकच, फक्त लांबवर पसरलेला.

मात्र सगळे बाक सारखे नसतात. दादांच्या आजाराची कुणकुण लागताच नातेवाइकांच्या एका व्हॉट्सॲप समूहावर दहा दिवसांत लिंबू-सोडा, गव्हांकुरांचा रस, कोणा अज्ञात वैद्याची पुडी आणि ‘केमो हाच खरा रोग’ हे सांगणारी चित्रफीत एवढे सर्व येऊन पडले. पाठविणारे सर्व प्रेमाचेच. पुतणसुनेच्या त्या दुसऱ्या समूहाचे नियम कडक होते: रोग एकच असावा, औषधाचे नाव घ्यायचे तर डॉक्टरांना विचारण्यासाठी, स्वतः घेण्यासाठी नव्हे, काहीही विकण्यास बंदी. विकणारा दिसला की त्याला तत्काळ काढले जाई. मला तर हा शेवटचा नियमच खरी पारख वाटते.

समूहाने आयुष्य वाढते का? १९८९ साली डॉ. डेव्हिड स्पीगल यांनी स्तनांच्या कर्करोगाच्या ८६ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा तसे वाटले होते. एकत्र बसून बोलणाऱ्या स्त्रिया जवळजवळ दुप्पट काळ जगल्या होत्या. परंतु २००१ मध्ये कॅनडातील मोठ्या अभ्यासात ती वाढ दिसली नाही. दिसले ते हे, की मन हलके राहिले आणि वेदना कमी जाणवल्या, विशेषतः ज्या आरंभी फार खचल्या होत्या त्यांना.

आता जरा अवघड गोष्ट. आपल्या घरांत हा रोग लपविला जातो. मुलीचे लग्न व्हायचे असते हे एक कारण; आणि बाजारातली पत हे दुसरे. शेठ आजारी आहेत असे कळले की उधारीचा माल येईनासा होतो, येणी सुटेनाशी होतात, आणि देणेकरी दाराशी येतात. हे मी ऐकीव सांगत नाही. मी शाखाधिकारी असताना एका धान्याच्या व्यापाऱ्याला कर्करोग झाल्याची बातमी कानांवर आली, आणि मी त्याच्या कॅश क्रेडिट खात्याच्या मालसाठ्याचे विवरण मुदतीआधी मागविले. नियमात बसणारे होते. त्याच्या मुलाने निमूटपणे कागद आणून दिले. त्याची नजर मी विसरलो नाही. दादांनी आपले आजारपण लपविले तेव्हा त्यांना उपदेश करायला माझी जीभ उचलली नाही, ती त्यामुळेच.

म्हणून समूहात सामील होताना पुतणसुनेने दादांचे नाव, गाव, दुकान, अहवालावरील नोंदणी क्रमांक यांतील काहीही दिले नाही. कागदाचे छायाचित्र टाकायचे तर नावाची पट्टी झाकून. सर्वांनी हे पाळावे. २०२१ पासून देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये ‘आभा’ नावाचा चौदा आकडी क्रमांक मिळतो आणि त्याला आपले अहवाल जोडता येतात. ते कोणाला दाखवायचे, यासाठी आपली संमती मागितली जाते. बटण दाबण्याआधी ती संमती किती दिवसांसाठी आणि कोणत्या कागदांसाठी आहे ते वाचावे. जामीनपत्रावर सही करताना वाचतो तसेच.

आमची वही आता संपत आली आहे. उपचार पुरे होऊन दोन वर्षे झाली; तपासण्या ठरल्या मुदतीने चालू आहेत. डाव्या हाताच्या बोटांत जाणीव बरीचशी परतली, उजव्या हाताच्या दोन बोटांत ती आली नाही. डॉक्टर म्हणतात, आता येईलच असे नाही. दादा डाव्या हाताने कापड पारखायला शिकत आहेत आणि चुकतात.

मागच्या महिन्यात दुकानात गेलो होतो. बाजारपेठेतले एक ओळखीचे व्यापारी आले, गिऱ्हाईक गेल्यावरही रेंगाळले, आणि हलक्या आवाजात दादांना म्हणाले की घरात जरा अडचण आहे, धाकट्या भावाला केमो सांगितली आहे, कोणाला बोललेलो नाही. दादांनी पुतण्याला हाक मारली आणि गोदामातून एक कोरी वही आणायला सांगितले. पहिल्या पानावर रकाने त्यांनी स्वतःच आखले. पट्टी डाव्या हाताने धरली होती, तरी रेघा जरा तिरप्या आल्या.